एकाच गिटारपुरता

पट्टा बरा होता. रुंद, जाड, खांद्यात न रुतणारा... धाकट्याने तो छोटा अ‍ॅम्प्लिफायर खांद्याला अडकवला आणि दुकानातल्या दुकानात चार पावलं चालून पाहिलं. बॅटरीवर सहा तास, वजन तान्ह्या पोराइतकं, आणि मागे वायर खुपसायला एकच भोक — गिटारचं. माईकला जागा नाही. म्हणजे दादाला जागा नाही.

"हा नको," दादा म्हणाला. नीट बघितलंसुद्धा नाही.

बारा वर्षं दोघे भाऊ एकाच अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्यावर वाजवत आले होते — बागेच्या फाटकाशी, बाजारात, स्टेशनबाहेर. दादा गाणार, धाकटा गिटार वाजवणार, आणि डब्याची बटणं कायम दादाच्या हाताशी. जरा कुठे गिटार मोकळी सोडली की दादाचा डावा हात गाणं न थांबवता खाली जायचा आणि गिटार मुकी. वर घरी जाऊन वहिनीला सांगायचा, याला आवरावं लागतं. आवरायला मी काय मोकाट सुटलेला बैल? आता तो जुना डबा जळला होता, एकदाचा, आणि धाकट्याने मनाशी पक्कं केलं होतं — आपल्यापुरता घ्यायचा आणि उद्यापासून एकटं उभं राहायचं. सांगायचं तेवढं राहिलं होतं.

दादाने दोन भोकांचा मोठा डबा काउंटरवर चढवायला लावला. दुकानदारीणबाई म्हणाल्या, आधी वाजवून तर बघा. जागा अडचणीची, दादा माईक घेऊन पलीकडे उभा राहिला, आणि बटणं पहिल्यांदाच धाकट्याच्या बाजूला आली.

दादाने सूर लावला. तोच — वर चढताना किंचित चिरकणारा, स्वतःवर खूश असलेला. धाकट्याचं बोट आपसूक गेलं, माईकचं बटण जरासंच खाली फिरवलं. दादाने छाती भरून जोर लावला — त्याने आणखी फिरवलं. दादाच्या मानेच्या शिरा ताठल्या, चेहरा लाल झाला, पण डबा त्याला ओळख देईना. आणि धाकट्याला पोटात गार गार वाटलं... इतकं बरं गिटार वाजवतानाही कधी वाटलं नव्हतं.

"बिघडलाय का रे?"

"नाही. हाच घेऊ."

दादा हसला, जिंकल्यासारखा. हसू दे. एकट्याने उभं राहून हे कुठून मिळालं असतं? दादा निदान गाणं सांभाळायला तरी आवाज दाबत असेल — आपण कशासाठी दाबला? उत्तर त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि लाज काही केल्या वाटत नव्हती.