चाळीस मिनिटं

मी पोलीस ठाण्यातला लेखनिक. बावीस वर्षं जबाब टाईप करून बोटं झिजली. टोळ्यांसाठी कडक कायदा आला, साहेबांपुढे दिलेली कबुलीही कोर्टात चालू लागली, तेव्हा सोबत एक नियमही आला. कबुली देणाऱ्याला आधी चोवीस तास विचार करू द्यायचा, मगच कागद करायचा. मी काय केलं? 'मला चोवीस तास मिळाले' ही ओळ कॉम्प्युटरमध्ये कायमचीच घालून ठेवली. नाव बदला, सही घ्या, झालं काम! साहेबांना माझं कोण कौतुक!

पुढे खंडणी दिली नाही म्हणून एका टोळीने माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं दुकान पेटवलं. तो आतच होता. उजवा हात कायमचा गेला. त्याच्या शर्टाची बटणं आता बहीण लावते. टोळीचा ड्रायव्हर सापडला, त्याने म्होरक्याचं नाव घेतलं. कबुली मीच टाईप केली. ठाण्यात दुसरं होतं कोण?

खटल्यात मी साक्षीला उभा राहिलो, तेव्हा म्होरक्याच्या वकिलाने मला विचारलं, "ड्रायव्हरला खरंच चोवीस तास दिले होते?"

हो म्हणायचं, उतरायचं, घरी जायचं. ड्रायव्हर सोडला तर खोटं पाडणारं कोणी नव्हतं, आणि त्याचं कोण ऐकणार? साहेबांनी डोळ्यांनीच खुणावलं. मागच्या बाकावर बहीण आणि मेव्हणा बसले होते.

आरोपींच्या पिंजऱ्यात ड्रायव्हर मान खाली घालून उभा होता. त्या दिवशी साहेबांच्या दोन थपडा खाऊन त्याने पाणी मागितलं होतं. मी मेला वर न बघता म्हणालो होतो, "आधी सही." तेच आठवलं.

"नाही," मी म्हणालो. "चाळीस मिनिटं."

कबुली बाद झाली. तिच्यावाचून दुसरा पुरावा तोकडा पडला. महिन्याभराने दोघेही सुटले. माझी चौकशी लागली, ती लागो!

ते सुटले त्या संध्याकाळी बहिणीकडे गेलो. शिव्या खायची तयारी करूनच गेलो होतो.

ती म्हणाली, "दादा, तू खरं बोललास त्याचा राग नाही रे मला."

मला हायसं वाटलं. घरात घेईल असं वाटलं.

"पण तेव्हा चोवीस तास का नाही दिलेत? दिले असते तर तो म्होरक्या आज तुरुंगात असता."

मी दारातच उभा राहिलो. आतून मेव्हण्याने तिला हाक मारली. शर्ट काढायचा होता.