शहर कुठपर्यंत?

ताईच्या ऑफिसात 'उपनगर' हा शब्द उच्चारायला बंदी होती. बिल्डरचं ऑफिस ते. तिथे घरांपेक्षा शब्दच जास्त खपायचे. इमारत शहराच्या कडेला असली की 'शहरालगत'. त्याच्याही पुढे, जिथे कुत्रंसुद्धा वाट चुकून जाणार नाही तिथे असली, की 'विस्तारित शहर'. आणि नुसतं माळरान असलं की 'उद्याचं शहर'. हे सगळे शब्द ताईच्याच डोक्यातून निघालेले. एकदा हाताखालच्या बाईनं गिऱ्हाइकासमोर 'उपनगरात' म्हटलं, तर ताईनं तिला आत नेऊन अशी झापली की ती दिवसभर फोनला हात लावेना. 'उपनगर' म्हटलं की माणूस लगेच बस किती वाजता असते ते विचारतो, हे ताईचं शास्त्र. बाई हुशार, पण हुशारीला काही लगाम?

तिचे वडील, अप्पा, शहराच्या अगदी पोटात राहायचे. भाजीबाजारामागच्या गल्लीत खाली त्यांचं सलून आणि वर राहायची खोली. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी सलून दुसऱ्याला चालवायला दिलं, पण सकाळ-संध्याकाळ कोपऱ्यातल्या खुर्चीत स्वारी हजर. सोबतीला शेजारच्या दुकानातले शिंपीकाका, आलंगेलं गिऱ्हाईक आणि जगाच्या उचापती. गल्लीतलं कुणी लांब राहायला गेलं की ही मंडळी 'बाहेर गेला हो' म्हणायची, आणि तेही अशा सुरात की ऐकणाऱ्यानं दोन मिनिटं उभं राहावं.

पुढे अप्पांचे गुडघे कुरकुरायला लागले. जिना चढताना ते मधल्या पायरीवर बसून राहायचे. ताईनं लिफ्टवालं घर सुचवलं, आपल्याच कंपनीचं. तिच्या मनात पाप नव्हतं. बापाचे हाल तिला खरंच बघवत नव्हते. अप्पांनी एवढंच विचारलं, "शहरातच आहे ना ग? मला रोज सलूनवर येता आलं पाहिजे. नाहीतर दिवसभर भिंतींशी बोलू?"

आता दुसरी कुणी असती तर निदान 'जरा लांब पडेल' एवढं तरी म्हणाली असती. पण ताईच्या जिभेला वळण लागलेलं. जित्याची खोड!

"शहरच आहे अप्पा. विस्तारित शहर," ती म्हणाली. बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, हा आवाज आपण गिऱ्हाइकासाठी काढतो. शब्द मागे घ्यायला वेळ होता, पण तिनं घेतला नाही. अप्पांनी वरची खोली सोडली.

महिन्याभरानं एका रविवारी ती त्यांना भेटायला गेली. खाली लिफ्टपाशी शेजारीण भेटली. आजोबा रोज इस्त्रीचा सदरा घालून बसथांब्यावर येतात, ती सांगत होती, तासभर बसतात आणि तसेच परत जातात. दोनदा बस बदलायची, ते गुडघ्यांना कसं झेपणार? उद्या मी शहरात चाललेय, म्हणाली, त्यांना नेऊ का सोबत?

ताईचे कान तापले. इथली माणसं शहरात जाऊन यायची. शहरात राहत होती ती फक्त ताईच्या जाहिरातीत.

वर दार उघडंच होतं. अप्पा पाठमोरे बसून फोनवर बोलत होते. पलीकडे शिंपीकाका. ते आदल्या दिवशी भेटायला निघाले होते आणि दुसरी बस चुकल्यामुळे अर्ध्या वाटेवरून घरी परतले होते.

"अरे, लांब कुठलं? शहरच आहे हे," अप्पा त्यांना सांगत होते. "माझी लेक त्याच कंपनीत आहे. ती फसवेल का मला?"

धरणीनं पोटात घ्यावं असं ताईला झालं, पण सहाव्या मजल्यावरून धरणीही लांबच. फोन ठेवून अप्पा वळले, तशी ती त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली. मान वर करायची तिला लाज वाटत होती.

"अप्पा, हे शहर नाही. मला माहीत होतं."

"मला पहिल्याच दिवशी कळलं," अप्पा म्हणाले. "सामान उतरवताना टेम्पोवाल्यानंच विचारलं, आजोबा, शहर का सोडलंत?"

"मग बोलला का नाहीत? आणि काकांना असं का सांगता?"

"गल्लीत काय सांगू? पोटच्या पोरीनं गुंडाळलं म्हणून?" ते थोडा वेळ गुडघा चोळत राहिले. "मी माझ्या लेकीला विचारलं होतं ग. उत्तर दुकानातल्या बाईनं दिलं."

ते रागावले असते तर ताईला सोपं गेलं असतं. ती रडली, नाक पुसलं, आणि घाईघाईनं सांगू लागली, की जुन्या गल्लीजवळच भाड्याची खोली शोधते, तळमजल्यावरची, सलूनपासून अगदी चालत जाता येईल अशी, उद्यापासूनच बघायला लागते.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. तिच्या डोक्यावर हातसुद्धा ठेवला.

"शोध," ते म्हणाले. "सापडली की सांग. शिंप्याला पाठवून आधी बघून घेतो."