शिवाजीरावांची सावली

शिवाजीरावांना बाजूला व्हा म्हणणारं माणूस देवासात अजून जन्मायचं होतं. घराणं जुन्या दरबारातलं. दरबार गेला, वाटेत उभं राहायची सवय तेवढी राहिली. स्वतःच्या सोलर कारखान्यात ते जिथे उभे राहत, तिथून सगळी रहदारी वळसा घेई. फोर्कलिफ्टवाला बापू तर एकदा काचांची खोकी उचलून वीस मिनिटं त्यांच्या पाठीमागे ताटकळला होता. हॉर्न वाजवायची त्याची छाती झाली नाही.

त्यांचा दुसरा छंद मिशी. तयार पॅनल समोर आलं की ते त्यात मिशी बघत. ठसठशीत दिसली की माल पास.

इथेच इंजिनिअर रुचाचं घोडं अडलं. तिच्या पॅनलमधला सिलिकॉनचा थर केसाच्या शंभराव्या हिश्शाएवढा. उजेड आत येई आणि चहाही न घेता निघून जाई. म्हणून तिने काचेवरचा लेप सौम्य आम्लात बुडवून खडबडीत केला. आता उजेड आत शिरताना तिरपा होई, इकडेतिकडे आपटे, आणि माळव्यातल्या पाहुण्यासारखा दारातून तीनदा परत आणून बसवला जाई. तेवढ्याच थरातून वीज जास्त निघे. पॅनल मात्र दिसे धुरकट, काळंमिचकूट. मिशीची काही सोयच नाही.

असला जळका तवा कोण घेणार, असं शिवाजीरावांनी विचारलं होतं. शनिवारी अंगणात शेवटची चाचणी ठरली. धुरकट पॅनल हरलं तर आम्लाची टाकी भंगारात आणि रुचा टोंकखुर्दला, घरोघरी पॅनल विकायला. सहा महिन्यांची मेहनत एका माणसाच्या मिशीवर अडावी, याचा तिला मनस्वी राग येत होता.

अकराच्या उन्हात दोन पॅनलं शेजारी ठेवली, एक चकचकीत, एक धुरकट. दोन्हींना मीटर जोडून रुचाचा मदतनीस पियूष आकडे वाचायला बसला. कारखाना गोळा झाला. शिवाजीराव आले, चकचकीत पॅनलमध्ये मिशी पिळून घेतली आणि धुरकटावर चांगले ओणवे झाले.

"यात मी दिसतच नाही," ते म्हणाले.

पियूषने आकडे वाचले. चकचकीत एक अँपिअर, धुरकट पाऊण. शिवाजीरावांनी तिथूनच बापूला हुकूम सोडला, टाकी उचल.

शिवाजीराव सरकारांची अख्खी सावली धुरकट पॅनलवर पडली होती. ती सगळ्यांना दिसत होती आणि सगळे आपापल्या चपला बघत होते. पियूषने डोळ्यांनीच रुचाला गप्प बस म्हटलं. पण टोंकखुर्दला जायचंच आहे तर तोंड उघडून जाऊ, असं तिने ठरवलं.

"सर, जरा बाजूला व्हा न. तुमची सावली पडून राहिली आहे."

शिवाजीरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग पॅनलकडे, मग खाली स्वतःच्या सावलीकडे. आणि ते दोन पावलं सरकले.

मीटर चढला. पियूषने आकडा दोनदा वाचला. सव्वा अँपिअर.

"आणि सर," आता रुचाची भीडच चेपली होती, "त्या दुसऱ्यात तुमची मिशी दिसते न, तेवढा उजेड फुकट परत जातो."

शिवाजीरावांनी मिशीवरून हात फिरवला. "मग हे मला आजवर कोणी सांगितलं का नाही?"

तेवढ्यात टाकी न्यायला आलेल्या बापूने त्यांच्या पाठीमागे, नोकरीतला पहिलाच, हॉर्न वाजवला.

"टाकी राहू दे," म्हणत शिवाजीराव पुन्हा बाजूला झाले.