खडूच्या रेघेपर्यंत

डोळे मिटा असं मी सांगणार नाही, कारण मग पुढचं वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा. एका उंच क्रेनच्या टोकाशी, काचेच्या छोट्याशा केबिनमध्ये तुम्ही बसला आहात. खाली माणसं शेंगदाण्याएवढी दिसताहेत. हातातला दांडा जरा ओढला की भलीमोठी लोखंडी तुळई अलगद उचलली जाते. आणि नेमकं तेव्हाच तुमच्या पोटात कावळे ओरडायला लागतात. जेवणाच्या सुट्टीपर्यंत खाली उतरता येत नाही. मग काय कराल?

मुंगीचे बाबा बिस्किटांचा पुडा फोडायचे. तो संपला की दुसरा.

मुंगी ही त्यांची मुलगी. एकदा एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की तिचा पिच्छा सोडायची नाही, म्हणून आईनं तिला हे नाव दिलं होतं. आई शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत तिचं मशीन, कापडाचे गठ्ठे आणि गळ्यात कायम लोंबणारी टेप. जगातली कुठलीही वस्तू मापता येते, यावर तिचा ठाम विश्वास होता.

तर झालं असं, की कामावरच्या तपासणीत डॉक्टरबाईंनी बाबांना वजनकाट्यावर उभं केलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. क्रेनवर काही बरंवाईट घडलं, तर चालकाला दोरानं खाली सोडतात. तो दोर ठरावीक वजनच पेलतो, आणि बाबा त्याच्या पुढे गेले होते. पुढच्या तपासणीपर्यंत वजन उतरलं नाही, तर केबिन बंद. मग फाटकावर बसून गाड्या आतबाहेर सोडायच्या.

खालून क्रेनला इशारे देणारे शिट्टीकाका त्या दिवशी बाबांना म्हणाले, की आता तुला वर चढवायला दुसरी क्रेन मागवावी लागणार. त्यांचं स्वतःचं पोट त्यांच्या आधी वळणावर पोचायचं, ते सोडा. बाबा हसले, पण रात्री जेवताना भिंतीकडे बघत राहिले. मुंगीनं ते पाहिलं. केबिनमधून पहाट कशी दिसते हे बाबा सांगायचे, तेव्हा त्यांचा चेहरा कसा उजळायचा हे तिला ठाऊक होतं. फाटकावर बसलेले बाबा काही केल्या तिच्या डोळ्यांसमोर येईनात.

दुसऱ्या दिवशी मायलेकी दुकानात गेल्या. नाश्त्याच्या खोक्यांची भिंतच उभी होती. कुणी म्हणत होतं हलकंफुलकं, कुणी म्हणत होतं दिवसभर ताकद. आईनं दोन खोकी निवडली, मध आणि बदाम घातलेला ग्रॅनोला आणि फुगवलेल्या गव्हाच्या गोळ्या. दोन्हींवर 'कमी कॅलरी' असं ठसठशीत छापलेलं. दुकानदारानं वर ओट्सची एक नमुन्याची पुडी फुकट दिली. ती आईनं पिशवीच्या तळाशी टाकली आणि विसरून गेली.

घरी आल्यावर आईनं शिवणाचा खडू घेतला आणि बाबांच्या वाडग्याला बाहेरून एक रेघ मारली. म्हणाली, "इथपर्यंत खायचं. ना वर, ना खाली. बाही बेतावी तसा नाश्ता बेतलाय मी."

पहिले काही दिवस रेघेपर्यंत ग्रॅनोला झाला. बाबा खूश. बिस्किटांची आठवणसुद्धा येत नाही म्हणाले. पण घरच्या काट्यावर उभे राहिले, तर काटा उलट पुढे सरकलेला. मग रेघेपर्यंत गव्हाच्या गोळ्या. त्या खाऊन बाबा वर चढायचे आणि पोचता पोचताच पोट रिकामं. मग आहेच पुडा. काटा जागचा हलेना.

आई वैतागली. रेघ तीच, वाडगा तोच, मग चुकतंय कुठे? खोक्यावरचं सगळं खोटं असतं, असं म्हणून ती मशीनवर बसली आणि रागारागानं एक अख्खी शिवण उलट मारून बसली.

एका सकाळी बाबांचं ठरेना, आज कुठलं खावं. मुंगी म्हणाली, दोन्ही भरते, बघून ठरव. तिनं दोन सारखे वाडगे घेतले, दोन्हींना रेघ मारली, एकात ग्रॅनोला भरला, दुसऱ्यात गोळ्या, आणि दोन हातांत दोन वाडगे घेऊन टेबलाकडे निघाली. अर्ध्या वाटेत ती थबकली. तिचा एक हात खाली गेला होता.

"आई," ती म्हणाली, "रेघ सारखी आहे, पण हे सारखं नाहीये."

आईनं दोन्ही वाडगे हातात घेतले. एकदा या हातात, एकदा त्या हातात. मग तिनं कपडे टांगायचा हँगर खिळ्याला अडकवला आणि त्याच्या दोन टोकांना कापडाच्या दोन सारख्या पिशव्या बांधल्या. झाला तराजू तयार. एकीत रेघेपर्यंतचा ग्रॅनोला ओतला, दुसरीत गोळ्या. ग्रॅनोलाची बाजू धाडकन खाली. मुंगी गोळ्या ओतत गेली, आणखी एक वाडगा, आणखी एक, तरी ती पिशवी उतरेना. शेवटी खोक्याचा तळ दिसला, तेव्हा कुठे हँगर आडवा झाला.

बाबा खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे मी एका बैठकीत चार-पाच जणांचा नाश्ता करत होतो," ते म्हणाले. "तरीच म्हटलं, छान वाटतंय."

आता मुंगी खोक्यांच्या पाठीमागे लागली. पुढची अक्षरं मोठी होती, मागची बारीक. तिथं लिहिलं होतं, की सांगितलेल्या कॅलरी चाळीस ग्रॅमच्या आहेत. चाळीस ग्रॅम मोजायचे कसे? घरात एवढा बारीक काटा नव्हता. तेव्हा पिशवीच्या तळाची ओट्सची पुडी तिच्या हाती लागली. पुडीवर छापलं होतं, चाळीस ग्रॅम. तिनं ती न फोडता हँगरच्या एका बाजूला टाकली. वजन मिळालं.

बारीक अक्षरांत आणखी एक गोष्ट होती. वजन सारखं धरलं, तर तिन्हींच्या कॅलरींत फार मोठं अंतर नव्हतं. म्हणजे खरा प्रश्न वेगळाच होता. तेवढ्याच वजनात पोट कोण जास्त वेळ धरून ठेवतं?

क्रेन मुंगीच्या वर्गाच्या खिडकीतून दिसायची. तिनं बाबांना एक पिवळा फडका दिला आणि बजावलं, की भूक लागली की तो केबिनच्या खिडकीला बांधायचा. लबाडी चालणार नाही.

पहिल्या दिवशी मोजलेला ग्रॅनोला. वाडग्याच्या तळाशी जेमतेम चार चमचे. हा तुझ्या बाहुलीचा वाडगा का, असं बाबांनी विचारलं, पण निमूटपणे खाल्लं. गणिताच्या तासाला फडका बाहेर. दुसऱ्या दिवशी गोळ्या. वाडगा शिगोशीग भरला, तरी प्रार्थना संपून मुलं जागेवर बसतात न बसतात तोच फडका फडफडायला लागला.

तिसऱ्या दिवशी ओट्स. तेवढंच वजन, मूठभर दिसणारे. आईनं ते पाण्यात आणि थोड्या दुधात शिजत ठेवले. मुंगी पातेल्यात डोकावत राहिली. ओट्स पाणी पीत गेले, फुगत गेले, दाट झाले. वाडग्यात ओतले तर थेट खडूच्या रेघेला टेकले. आई टेप गळ्यात नीट करत म्हणाली, की रेघ काही अगदीच वाया गेली नव्हती.

त्या दिवशी मुंगीचं वर्गात लक्ष नव्हतं. गणिताचा तास झाला, फडका नाही. चित्रकला झाली, फडका नाही. बाईंनी दोनदा हटकलं. बाबा विसरले तर नसतील? जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली, आणि क्रेनची खिडकी तशीच कोरी, लख्ख चमकत होती. मुंगी बाकावरून उठली आणि कुणाला काही न सांगता तिनं वर्गाभोवती एक फेरी मारली. संध्याकाळी बाबांनी बिस्किटांचा पुडा न फोडता टेबलावर ठेवला.

तेव्हापासून रोज ओट्स. कधी वर सफरचंदाच्या फोडी, कधी नुसतेच. वजन हळूच उतरायला लागलं. घाई नाही, पण परत चढणंही नाही.

पुढच्या तपासणीला शाळेला सुट्टी होती, म्हणून मुंगी बरोबर गेली. दारापाशी बाकड्यावर पाय हलवत बसली. बाबा आत गेले. दार बंद झालं. शिट्टीकाका शेजारीच आपल्या पाळीची वाट बघत होते, आणि आज ते थट्टा करत नव्हते. पोट आत ओढून बसले होते.

दार उघडलं. बाबा बाहेर आले आणि त्यांनी केबिनची किल्ली मुंगीच्या डोळ्यांसमोर नाचवली. मागून डॉक्टरबाई म्हणाल्या, "दोर आता तुम्हाला हसत हसत पेलेल."

शिट्टीकाका काही वेळानं आत जाऊन आले, ते चेहरा पाडूनच. ते मुंगीजवळ वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाळा, काय खायला घालतेस गं तू याला?"

मुंगी बाकड्यावरून उडी मारून उतरली, त्यांचं जाड बोट पकडलं आणि त्यांना ओढत दुकानाच्या दिशेनं निघाली.