तळ्यात सोडलेले अकरा मांगूर

या, असे जवळ बसा. मागे राहिलात तर पंख्याच्या घरघरीत अर्धी गोष्ट हरवेल. आज एका दयाळू माणसाच्या हातून काय घडलं ते सांगायचं आहे.

टिटवाळ्याच्या बाहेर, नव्या बिल्डिंगांच्या मागे, देवळाचं एक तळं आहे. डोंबिवलीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले महिपतराव तिथं राहायला आले, ते देवळातल्या कीर्तनाच्या ओढीनं. एका एकादशीला बुवांनी जीवदयेचं असं निरूपण केलं की महिपतरावांच्या डोळ्यांना धार लागली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कल्याणच्या बाजारातून टबात वळवळणारे अकरा मासे विकत आणले आणि पायरीवर बसून एकेक पाण्यात सोडू लागले.

शेजारच्या पायरीवर शेवंतीबाई होती. तळ्यातले मासे छोट्या जाळ्यानं धरून विकणारी, पाड्यावरची म्हातारी.

"दादा, हा मांगूर हाय. नको सोडू. सगला तलाव खाईल."

"खाऊ दे की. देवाच्या दारी कुणी उपाशी राहतं का?"

"देवाच्या दारान पावना ठेव. घरातल्या पोरांना खानारा कशाला ठेवतस?"

"रोज मासे मारतेस आणि दया मला शिकवतेस होय गं?"

"मोठा धरतंय, बारका सोडतंय. अंड्यावर असतान तवा पान्यान हात पन घालत नाय."

पायरीवरचे लोक हसले. महिपतराव एवढ्यावर थांबले नाहीत. देवस्थानच्या मंडळींना सांगून त्यांनी तिची मासेमारीच बंद करवली. तिनं जाळं गुंडाळलं आणि ती खडवलीला लेकीकडे निघून गेली.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग तळ्यातले बारीक मासे संपले. बेडकांची पिल्लं संपली. डासांच्या अळ्या खाणारं पाण्यात कुणी उरलंच नाही. कीर्तनात टाळ्या पडायच्या त्या तालावर कमी, डासांवर जास्त. "बुवा, ठेका चुकतोय हो," असं म्हणून कीर्तनाला येणाऱ्या मेघनावहिनी हसल्या, आणि आठवड्याभरात त्याच डासांपायी मलेरियानं अंथरुणाला खिळल्या. तारेवर बसून पाण्यावर नजर ठेवणारा खंड्याही येईनासा झाला.

एका सकाळी महिपतराव पायरीवर बसले होते. मिशीवाला काळा मासा वर आला, हवा गिळून खाली गेला. बाकी पाण्यात हालचाल नाही. आपण अकरा जीव वाचवले, पण खाल्ले गेले किती, याचा त्यांना अंदाजच करवेना. मांगूर धरून काढायचे, तर या तळ्याचा तळ पायांनी ओळखणारं माणूस एकच होतं. ते तडक खडवलीला गेले.

दारात शेवंतीबाईची नात संचिता होती. "आजी दिवाळीच्या आधीच गेली," ती म्हणाली.

महिपतराव उंबऱ्यावरच बसले. "मी टिटवाळ्याच्या तळ्यावरचा. माफी मागायला आलो होतो गं."

"तुमचं नाव काढायची ती. म्हणायची, मनाचा चांगला माणूस, पन तलावाकडं कधी नीट बघितलंच नाय त्यानं."

तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. तो तसाच राहिला.

महिपतराव आता रोज सकाळी गळ टाकून बसतात. एकादशीलासुद्धा. लोक नावं ठेवतात, ते ऐकून घेतात. आजवर चार मांगूर निघाले. त्यांची पिल्लं किती झाली असतील, पांडुरंगाला माहीत.

माझं मागणं एवढंच. त्या वाटेनं कधी गेलात, तर पायरीवर क्षणभर थांबा आणि शेवंतीबाईची आठवण काढा.