एका खतफेक्याची वाटणी

मित्रांनो, आधी माझ्या पोटातल्या त्या कोंबडीला कुणीतरी उठवा, मग बोलतो. उठत नाही? बरं, बसू द्या. अंडं घालेल आणि जाईल. माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारी या गावात तेवढी एकटीच आहे.

मी खत फेकायचं जुनं यंत्र. गाव मला खतफेक्या म्हणतं. वर पत्र्याची कोठी, कोठीच्या बुडाला झडप, झडपेखाली गरगर फिरणारी थाळी आणि दोन बाजूंना लोखंडी चाकं. बैल चालले की चाकं फिरतात, चाकांबरोबर थाळी फिरते, आणि खत डावीउजवीकडं सारखं उडतं. बास. मला दुसरं काही येत नाही. पण ‘सारखं’ म्हणजे काय, हे या गावाला समजावता समजावता माझा पत्रा झिजला. चाकं तर आत्ता माझ्याजवळ नाहीतच. का नाहीत, तेच सांगायला बसलोय.

माझा जन्म भोसरीच्या एका शेडमधला, सदुसष्ट-अडुसष्टच्या सुमाराचा. पिंपरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढणारे मधुसूदनराव म्हणून होते. माणूस पट्टीनं आखल्यासारखा सरळ. बायका मुठीनं खत टाकतात, आणि एक मूठ दुसरीसारखी कधीच नसते, याचा त्यांना फार त्रास व्हायचा. त्यांनी कंपनीच्या भंगारातले गिअर मागून आणले, कागदावर मला आखलं, आणि तयार झाल्यावर माझी परीक्षा घ्यायला थेट कंपनीच्या मागच्या पटांगणात नेलं. कँटीनची ताटं ओळीनं मांडली, कोठीत मीठ भरलं आणि मला ताटांवरून ढकलत नेलं. मग एकेका ताटातलं मीठ तोलून बघितलं. सगळीकडं सारखं! मधुसूदनरावांना एवढा आनंद झाला, की ताटं धुवायला सांगायचं राहूनच गेलं. दुसऱ्या शिफ्टला मोठ्या साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांचं जेवण एकसारखं खारट. त्या कंपनीत सगळ्यांना समान काही मिळालं ते त्याच दिवशी, आणि त्याच दिवशी लोकांनी काम बंद पाडलं.

मला जोडलं ते देहूरोडच्या जयसिंगनं. तो वेल्डर. शेवटचा टाका मारून त्यानं काच वर केली, माझ्या कोठीवर थाप मारली आणि म्हणाला, “सगळ्यांना सारखं द्यायचं बरं का. गावाला हे अजून जमलेलं न्हाई. तुला जमतंय का बघ.”

मला वाटलं, थट्टा करतोय. नंतर कळलं, माणूस अनुभवाचं बोलत होता.

मला विकत घेतलं साहेबरावांनी. मोशीवरून इंद्रायणी ओलांडली की चाकणच्या वाटेवर त्यांचं रान. “बायकोच्या हातांचे हाल बघवत न्हाईत, म्हणून घेतो,” असं ते शेडवर सांगत होते. हाल तर खरेच होते. त्यांची बायको तानुबाई कमरेला पाटी लावून रानभर मुठीमुठीनं सल्फेट टाकायची. हाताला भेगा, आणि भेगांत ते खत गेलं की आग आग व्हायची. मग मूठ कधी सैल सुटायची, कधी घट्ट. ज्वारी उगवली की रान गजकर्ण झाल्यासारखं दिसायचं, इथं हिरवं, तिथं पिवळं. आणि साहेबराव बांधावर उभे राहून म्हणायचे, “हाताला वळण म्हनून न्हाई हिच्या!”

ते हात मी पहिल्याच दिवशी बघितले. तिनं माझी झडप उघडून पाहिली, मिटली, परत उघडली आणि हळूच विचारलं, “म्हंजी ह्यात हात घालायलाच लागत न्हाई?”

मित्रांनो, त्या क्षणी मी ठरवलं, आपण जन्माला आलो ते या दोन हातांसाठी. बाकी काही जमो न जमो, हे हात खतातनं सोडवायचे.

पण साहेबरावांनी मला घेण्याचं खरं कारण होतं दौलतराव. हे त्यांचे धाकटे भाऊ, शेजारच्याच रानाचे मालक. बाप गेल्यावर दोघांची वाटणी झाली होती. रानाच्या मधोमध बांध पडला. घरात भिंत पडली. हौशा आणि गवश्या ही बापाची बैलजोडी, तीही वाटली. हौशा साहेबरावांकडं, गवश्या दौलतरावांकडं. एका बैलानं काय होतं, असा प्रश्न तेव्हा कुणालाही पडला नाही. दोघेही तेव्हापासून दुसरा बैल उसना आणतात. दौलतरावांनी मागच्या साली नवा रेडिओ आणला होता. साहेबरावांना त्याच्याहून मोठा आवाज करणारं काहीतरी हवं होतं. तो मी.

मला पोचवायला जयसिंग आला होता. त्याला चहा मिळाला तो कान तुटलेल्या वेगळ्या कपात, ओट्याच्या खाली. मी मोजमापाचं यंत्र आहे. असल्या गोष्टी माझ्या नजरेतनं सुटत नाहीत. त्यानं चहा घेतला, कप स्वतःच विसळला आणि तानुबाईला एवढंच म्हणाला, “वयनी, काम झालं की धुवून ठेवा ह्याला. खत लोखंड खातं.”

पहिल्या दिवशी मी बांधाच्या कडेनं निघालो. माझी थाळी फिरली, अर्धं खत डावीकडं साहेबरावांच्या रानात पडलं आणि अर्धं उजवीकडं. उजवीकडं दौलतरावांचं रान होतं. यात माझं काय चुकलं? पण साहेबराव साप दिसल्यासारखे ओरडले, “आरं थांबव! थांबव त्याला! माझं खत चाललं तिकडं!”

दौलतराव पलीकडं पान लावत बसले होते. त्यांनी भावाकडं नाही, आभाळाकडं बघून म्हटलं, “देवा, असाच पाऊस पाड रं बाबा.”

झालं. दुसऱ्या दिवशी साहेबरावांनी रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून माझ्या उजव्या अंगाला बांधला. म्हणजे तिकडं उडालेलं खत पत्र्यावर आपटून परत यावं. आलं. सगळंच्या सगळं बांधाच्या कडेला एका पट्ट्यात येऊन पडलं. त्या पट्ट्यातलं बी करपून गेलं. उरलेल्या रानात मी वाकडातिकडा गेलो, कारण हौशाच्या जोडीला आणलेला उसना बैल त्याच्या निम्म्या चालीचा होता. पीक वर आलं तेव्हा साहेबरावांची ज्वारी बांधाला टक्कल पडल्यासारखी, आणि पलीकडं पहिल्या दिवशीच्या खतावर दौलतरावांची ज्वारी डोक्याएवढी.

पण त्याच्या आधीची गंमत राहिली. साहेबराव पहिल्याच दिवशी संध्याकाळी सरपंचाकडं गेले होते. सरपंच अण्णासाहेब. त्यांनी मिशी पिळत निवाडा दिला, “खत तुझं, हे मान्य. रान त्याचं, हेबी मान्य. तवा तुझं खत तू येचून घे. पन त्याच्या मातीचा कण उचलायचा न्हाई.”

माणसानं हसून घरी जावं की नाही? साहेबराव सकाळी पाटी घेऊन बांधावर हजर! आणि तानुबाईला म्हणाले, “चल, येचू लाग.”

“तुमी येचा,” ती म्हणाली. “मी भाकरी टाकती.”

रात्री दहिवर पडलं होतं. दाणे केव्हाच विरघळून जमिनीत गेले होते. साहेबराव परक्या रानात गुडघ्यांवर रांगत ढेकळं उलटीपालटी करतायत, आणि दौलतराव बांधावर उभे राहून कुणालाच उद्देशून न बोलता बोलतायत, “कोळपणी फुकटात झाली म्हनायची.”

त्याच आठवड्यात साहेबरावांनी खेडच्या कोर्टात दावा लावला. त्यांचं म्हणणं असं, की खत जिथवर पडलं तिथवर रान आपलं, बांधच चुकीच्या जागी आहे. वकिलानं हे कागदावर उतरवलं कसं, हे त्यालाच ठाऊक.

आणि शिक्षा कुणाला झाली? मला! “ह्याच्यापायी घर बसलं,” म्हणत साहेबरावांनी मला गोठ्यामागं ढकललं. धुतलंसुद्धा नाही. कोठीत राहिलेलं खत मला आतून कुरतडायला लागलं. आणि तानुबाईच्या कमरेला परत पाटी आली. मी गोठ्यामागनं बघायचो. ती संध्याकाळी हातांना गोडेतेल चोळत बसायची. एकदा माझ्याकडं बघून म्हणाली, “तुझं चांगलंय. बसून गंजतोस.” मला एवढं लागलं, की गंजायचंही सुचेना.

मधे एकदा मला बाहेर काढलं. आनंदानं माझी थाळी थरथरली. पण काढलं कशाला? अण्णासाहेब परत निवडून आले होते, मिरवणुकीत गुलाल उधळायला! मी माझं काम केलं. डावीउजवीकडं सारखा गुलाल. पडलेल्या पार्टीची माणसं दार लावून तोंड लपवून बसली होती. तीही खिडक्यांतनं आत नखशिखांत लाल. त्यांच्याच लोकांनी त्यांना विचारलं, “तुमी कधी फुटलात रं?” त्यावरून मारामाऱ्या. वर कोठीतलं जुनं खत गुलालात मिसळलेलं, त्यामुळं जिंकलेले आणि हरलेले दोघेही दोन दिवस अंग खाजवत होते. मला परत गोठ्यामागं टाकलं आणि कोंबडीला जागा मिळाली.

अशी वर्षं गेली. दावा चालू होता. तारीख पडली की दोघे भाऊ एकाच एसटीनं खेडला जायचे, एकाच बाकावर बसायचे, एकाच हॉटेलात मिसळ खायचे आणि एकमेकांशी एक अक्षर बोलायचे नाहीत.

अशाच एका तारखेआधी दौलतरावांची बायको चतुराबाई बांधावर आली. तिच्या हातांना फडकी गुंडाळलेली. जावा जावांचं बोलणंसुद्धा वाटणीत बंद झालं होतं. तानुबाईनं ती फडकी बघितली, मग आपले हात बघितले.

“लई आग व्हती?”

“रातीला झोप न्हाई, जाऊबाई.”

तानुबाईनं तिच्या हाताचं सुटलेलं फडकं नीट बांधलं. मग म्हणाली, “मंगळवारी तारीख हाय न्हवं?”

बास. एवढंच बोलणं झालं.

पिंपरीला दूध घालणाऱ्याकडून जयसिंगला निरोप गेला. मंगळवारी एसटीचा धुरळा खाली बसतो न बसतो तोच तो सायकलवरून आला. त्याला कंपनीत कायमची नोकरी लागली होती, पण त्या दिवशी दुसरी शिफ्ट होती. त्यानं कोंबडीला उचललं, मला उलटं केलं आणि कपाळावर हात मारला. “वयनी, धुवा म्हनलं व्हतं!”

“आमचं कोन ऐकतंय हितं,” तानुबाई म्हणाली. “नीट हुईल का ते सांगा.”

त्यानं गंज खरवडला, झडप सोडवली, तळाला ठिगळ मारलं. आणि कोठी खालच्या सांगाड्यावर परत बसवताना गंजून गेलेल्या, ठोकून बसवलेल्या रिबिटांऐवजी चार नवे बोल्ट घातले. मग चहा आला. तीन कप, तिन्ही सारखे, आणि तिघांनीही ओट्यावर बसून घेतला. म्हटलं ना, माझ्या नजरेतनं सुटत नाही.

मग बायकांनी हौशा आणला, गवश्या आणला. वाटणीनंतर ते दोघे पहिल्यांदा एका जुवाला लागले. काय चालले म्हणून सांगू! एकाच्या पावलाला दुसऱ्याचं पाऊल. कोठीत एक पोतं या घरचं, एक पोतं त्या घरचं. बाईनं नांगर धरू नये म्हणतात, पण शास्त्रात माझं नाव कुठाय? कासरा तानुबाईच्या हातात, झडपेची दोरी चतुराबाईच्या. मी बांधाच्या कडेनं गेलो. थाळी फिरली. अर्धं डावीकडं, अर्धं उजवीकडं. आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीच ओरडलं नाही.

संध्याकाळी भाऊ परत आले. दोघांनाही वाटलं, आपापल्या बायकोनं आपापल्या हातानं खत टाकलंय. मग ज्वारी उगवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी, बांध कुठाय ते शोधायला लागावं. साहेबराव बघतच राहिले. दौलतराव बघतच राहिले. गावात बातमी फुटायला वेळ लागत नाही, ती फुटली. दोघे अण्णासाहेबांच्या दारात उभे. मी मनात म्हटलं, आता तरी शहाणे होतील, बांध मोडतील.

मित्रांनो, तुम्हाला काय वाटतं?

“यंत्र माझं,” साहेबराव म्हणाले.

“माझ्या बैलानं वढलंय,” दौलतराव म्हणाले. वाटणीनंतर भावाशी ते पहिल्यांदाच थेट बोलले, तेही यासाठी.

अण्णासाहेबांनी मिशी पिळली. “मग समान वाटणी करा.”

आणि केली! माझी! चार बोल्ट खोलले. कोठी साहेबरावांकडं, चाकं आणि थाळी दौलतरावांकडं. जन्मभर मी सारखं वाटत आलो, शेवटी मलाच सारखं वाटलं. आता मधे भिंत आहे. तिकडं माझी थाळी पोरं खेळताना फिरवतात, त्याचा आवाज मला इकडं ऐकू येतो.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. हौशा-गवश्या गेले. नवे बैल आले, तेही घरात एकेक. पिंपरीच्या कारखान्यांच्या चिमण्या भोसरीपर्यंत आल्या. दावा अजून चालूच आहे, आणि मित्रांनो, खरं सांगतो, तो असाच चालू राहो. कारण पेरणीच्या तोंडावर तारीख पडली, की एसटी वळणाआड जाते, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दोन दारं वाजतात. बोल्ट आवळायचा पाना तानुबाईनं धान्याच्या कणगीत लपवून ठेवलाय. चारही बोल्ट चतुराबाईच्या पदराच्या गाठीत असतात. एकीवाचून दुसरीला मला उभं करता येत नाही, आणि तसं त्यांनी मुद्दामच ठेवलंय.

म्हणून तुम्हाला एकच सांगणं. शेजाऱ्याच्या रानात चार दाणे उडाले म्हणून जीव खाली-वर करू नका. आणि यंत्र वापरलं की धुवा. त्या दोघी धुतात. काम झालं की तानुबाई माझ्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून पाण्यानं घासते.

त्या हातांना आता भेगा नाहीत.

हां, कोंबडी उठली. बघा बरं, अंडं कुठल्या बाजूला घातलंय? मधोमध घातलं असेल, तर संध्याकाळपर्यंत या घरात त्याचीही वाटणी होईल.