कुणाकडेही जाणारी पोर

निंबा आबांची पस्तीस वर्षं विजेच्या खांबांवर गेली. शिरपूरकडच्या खेड्यांत लाईनमन होते ते. ‘हात लावू नका’ हे वाक्य या माणसाने आयुष्यात इतक्या वेळा म्हटलं, तेवढ्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं तर एव्हाना तरून गेला असता, असं त्यांची बायको भिकुबाई चारचौघांत सांगायची. आणि आता रिटायर होऊन जळगावला मेहरूणमध्ये घर बांधून जरा निवांत बसावं, तर कुणीतरी त्यांनाच बजावलं, हात लावू नका. तेही स्वतःच्या नातीला.

बजावणाऱ्या होत्या प्रमिलाबाई. आबांचा मुलगा नवल आणि सून दिपमाला यांनी धुळ्याच्या ज्या बालगृहातून दोन वर्षांची रुपली दत्तक घेतली, तिथे मुलं सांभाळणाऱ्या या थोरल्या मावशी. नवल आणि दिपमाला दोघंही जर्मनीत नोकरीला. तीन वर्षं कागद इकडून तिकडे फिरत होते, तेव्हा कुठे पोर हाती आली. पासपोर्ट व्हायला महिना लागणार होता, तोवर सगळ्यांनी जळगावला राहायचं आणि मग पोरीला घेऊन विमानात बसायचं असं ठरलं. आबांनी घराला रंग दिला, ओट्यावर झोका टांगला, आणि नातीला खांद्यावर बसवून मेहरूणच्या तलावापर्यंत कुठल्या गल्लीने मिरवत न्यायचं तेसुद्धा मनात नक्की करून ठेवलं होतं.

“पंधरा दिवस,” प्रमिलाबाई म्हणाल्या, “आई-बापाशिवाय हिला कुणी उचलायचं नाही. भरवायचं नाही, न्हाऊ घालायचं नाही. इथं आम्ही बारा मावश्या, तीन पाळ्यांत. सकाळी एकीनं उचललं, दुपारी दुसरीनं, संध्याकाळी तिसरीनं. हात बदलले की हिला वाटतं, पाळी बदलली. आता पाळी बदलणार नाही, हे तिचं तिला कळू द्या.”

आबांनी मान डोलावली. सरकारी नोकरीत वरून आलेल्या कागदाला डोलावतात, तशी.

निघताना रुपली रडली नाही. बाराच्या बारा मावश्या डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या आणि ही दिपमालाच्या कडेवर बसून गाडीच्या आरशाकडे बघत होती. पारोळ्यापर्यंत टक्क जागी, मग गप झोपली. पुढच्या सीटवरून आबा दर पाच मिनिटांनी मान वळवून बघत होते. त्यांची छाती फुगली होती.

“भिकू, पोर पहाय! हूं नही की चूं नही. वाघीन शे वाघीन!”

पहिले तीन दिवस असेच कौतुकात गेले. रुपली ताटात पडेल ते खायची, टाकलं तिथे झोपायची. पडली तर आपली आपण उठायची, गुडघे झटकायची आणि पुढे चालू लागायची. कुठे लागलं म्हणून भोकाड नाही, काही नाही. दिपमालाला ती ‘मावशी’ म्हणायची. भिकुबाईलाही मावशी. दूध घालायला येणाऱ्या बाईलाही मावशीच. दिपमाला मात्र ती पडली की हातातलं काम टाकून धावायची, उचलून छातीशी धरायची आणि म्हणायची, “लागलं गं माझ्या बाळाला, खूप लागलं.” पोर तिच्याकडे अचंब्याने बघायची. आबांनाही हे अजब वाटे. जी पोर रडत नाही तिला सून रडायला शिकवतेय, हे कुठलं जर्मनीचं शास्त्र?

पण नियम त्यांनी पाळला. पाळला म्हणजे आपल्या डोक्याने पाळला. घरच्यांनी हात लावायचा नाही, असं बाई म्हणाल्या होत्या. बाहेरच्यांबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या, असा आबांनी अर्थ काढला. आणि नातीचं कौतुक आपल्यापुरतं ठेवायला आबा काही साधू नव्हते. सकाळी ते फाटकापाशी खुर्ची टाकून बसत, शेजारी रुपली. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवत.

“रुपचंद, हात पुढे करी पहाय. येस का नही तुनाकडे?”

शेजारचा किराणावाला रुपचंद हात पुढे करी. रुपली लगेच त्याच्या कडेवर. रुपचंद चाट.

“आबा, आमनी पोरं तर माले पाहीसन रडतस!”

“आमनी नही रडत. कोनाकडेबी जास. लाजनं-बुजनं ठाऊकच नही तिले.”

गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या कडेवर रुपली अशी बसून आली. दिपमाला आत धुणं-भांडी, औषधं, पासपोर्टचे फोन यांत बुडालेली असायची. तिला याचा पत्ता नव्हता.

चौथ्या दिवशी आबा पाणी प्यायला आत गेले. तांब्याभर पाणी प्यायला कितीसा वेळ लागतो? बाहेर आले तर खुर्चीशेजारी रुपली नव्हती. फाटक अर्धं उघडं. आबांनी आधी झोका बघितला, मग गाडीखाली वाकून बघितलं, मग रुपचंदच्या दुकानात. कुठेच नाही.  साठी उलटलेला माणूस अनवाणी तलावाच्या दिशेने पळत सुटला.

रस्ता तलावाकडे वळतो त्या कोपऱ्यावर एक भांडेवाली चालली होती. जुने कपडे घेऊन स्टीलची भांडी देणारी, डोक्यावर टोपली. तिच्या मागोमाग, तिच्या लुगड्याचा काठ मुठीत धरून, रुपली. मजेत. एकदाही मागे वळून न बघता.

“ओ बाई! थांब!”

भांडेवालीने मागे पाहिलं आणि तीच दचकली. “ओ माय! मी नही आनं हिले, आबा. आपली आपनच उनी मना मांगे. मालेच ठाऊक नही!”

ती खरं बोलत होती, हे आबांना दिसत होतं. त्यांनी गुडघ्यावर बसून हाक मारली, “रुपली!” पोरीने त्यांच्याकडे बघितलं. आबाला ओळखलं आणि आनंद झाला असं काही त्या डोळ्यांत नव्हतं. तिने भांडेवालीचा काठ सोडला आणि आबांनी पुढे केलेलं बोट धरलं. ज्या पावलांनी गेली होती त्याच पावलांनी परत निघाली. आबांना सगळ्यात जास्त लागलं ते हे. त्यांचं बोट आणि त्या बाईचा काठ, पोरीला दोन्ही सारखेच होते.

घरी येऊन त्यांनी काही लपवलं नाही. फाटकापाशी भरवलेलं ते प्रदर्शनसुद्धा सांगून टाकलं. नवल भडकला. “आबा, तुम्हाले काय सांगेल व्हतं?” दिपमाला मात्र ओरडली नाही. पोरीला मांडीवर घेऊन ती तिथेच फरशीवर बसली.

“आबा, तुम्हाला वाटतं ही धीट आहे. धीट नाही ती. तिला अजून कुणी आपलंच नाही. फ्रँकफर्टच्या विमानतळावर हजार माणसं असतात. कुणीही बोट पुढे केलं तरी ही त्याच्याबरोबर चालू लागेल. आणि मला हाकसुद्धा मारणार नाही.” मग ती म्हणाली, “मी तिला आवडत नाही असं नाही. पण मी नसले तरी तिचं काही अडत नाही.”

आबांच्या आता ध्यानात आलं. आपण कशाचा डंका पिटत होतो! ज्या लेकराच्या रडण्याला कधी कुणी धावून आलं नाही, ते लेकरू रडायचंच विसरलं, आणि आपण त्याला वाघीण म्हणत होतो.

त्या दिवसापासून आबांनी फाटकाला कडी घातली. आता त्यांची खुर्ची पहाऱ्याला होती. रुपचंदने सवयीने हात पुढे केले, तर आबांनी ते हवेतल्या हवेतच खाली करायला लावले. भिकुबाईला तर त्यांनी पोरीच्या तोंडात बोरसुद्धा घालू दिलं नाही. “जे देनं ते दिपमालाना हातमा दे.” बाईने कपाळावर हात मारला, पण ऐकलं. दिपमालाची धुणी-भांडी आबांनी स्वतःकडे घेतली. पँटचे पाय दुमडून मोरीत भांडी घासणारा आबा बघायला गल्लीतल्या बायका मुद्दाम काही ना काही मागायला येत. “हसा,” आबा म्हणत, “मनी सून पोरनी माय व्हयी राह्यनी. तिले टाइम नही.”

नवव्या दिवशी रुपली ओट्याच्या पायरीवरून पडली. आबा तारेवर कपडे वाळत घालत होते, त्यांना सगळं नीट दिसलं. पोर उठली नाही. पडल्या जागेवरून तिने मान वळवली आणि दिपमाला कुठे आहे ते बघितलं. बस, एवढंच. दिपमाला धावली, उचललं, नेहमीचं म्हटलं. आबा ओला टॉवेल हातात धरून तसेच उभे राहिले. कुणाला काही बोलले नाहीत. दृष्ट लागते.

बाराव्या दिवशी अमळनेरहून आबांची थोरली बहीण ठगूअक्का आली. नात्यातलं एकही पोर या बाईच्या मांडीवरून सुटलेलं नव्हतं. हातात पिशवी, पिशवीत पोरीसाठी झबलं, आणि फाटकाला कडी.

“ये निंबा! उघड ना रे!”

“ये अक्का. पन पोरले हात नको लावजो.”

“काबरं? माले काय रोग शे?”

“रोग नही. नेम शे. आखो तीन दिन.”

“नात शे की देव्हारामधला देव? सोवळं पाळी राह्यना! बिचारी पोर, माय-बापनं घर भेटनं, आन् तुमी तिले वाळीत टाकेल!”

“वाळीत नही, अक्का,” आबा म्हणाले. “सगळासनी व्हवाना आगोदर पोर एकनी व्हवाले पाहिजे.”

अक्काला ते पटलं नाही. तीन दिवस ती भिंतीकडे तोंड करून जेवली. येता-जाता टोमणे मारले, “आमी बारा लेकरं वाढाडात, आमले शिकाडतस.” आबांना एरवी बहिणीपुढे तोंड वर करायची सवय नव्हती. या वेळी त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पण फाटकाची कडी आणि आपला शब्द दोन्ही ढिले होऊ दिले नाहीत.

सोळावा दिवस उजाडला. आबांनी सकाळीच दाढी केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं की पहिला हक्क आबांचा. ठगूअक्कासुद्धा रुसवा बाजूला ठेवून दारात येऊन उभी राहिली. रुपचंद फाटकाबाहेर. दिपमाला पोरीला कडेवर घेऊन ओट्यावर आली. तिचा चेहरा उतरला होता. रात्रभर तिला झोप नव्हती, हे आबांना बघताक्षणी कळलं. आज काय होईल यावर तिचं सगळं ठरणार होतं.

“बघा घेऊन, आबा,” ती म्हणाली.

आबांनी दोन्ही हात पुढे केले. पंधरा दिवस ते हात शिवशिवत होते. 

“ये वं माय. आबाकडे ये.”

रुपलीने त्या हातांकडे बघितलं. मग आबांच्या तोंडाकडे. रोज दिसणारा, ओळखीचा, हसरा आबा. तिचा एक हात सवयीने थोडा पुढे आला. दिपमालाने डोळे मिटून घेतले.

आणि तो हात मागे गेला. आबा आणखी जवळ आले तशी पोरीने त्यांचा हात जोरात झटकून टाकला, दिपमालाच्या गळ्याला मिठी मारली, आणि धुळ्यापासून इथवर कुणी ऐकलं नव्हतं असं भोकाड पसरलं. “मावशी! मावशी!” दिपमालाच्या मानेवर नखं उमटतील इतकी घट्ट पकड. पाय तिच्या कमरेभोवती आवळलेले. तोंड लालबुंद, नाक वाहतंय, आणि मधूनमधून एक डोळा उघडून आबा अजून तिथेच आहेत की गेले ते बघतेय.

“नाही देत हं, नाही देत कुणाला,” दिपमाला म्हणत होती आणि पोरीपेक्षा तीच जास्त रडत होती. नवल बायकोला धरू की पोरीला, या गोंधळात दोघींना धरून उभा राहिला.

भिकुबाईला नवऱ्याची दया आली. पंधरा दिवस वाट बघितली, शर्टाला इस्त्री केली, आणि हातात काय आलं? “राहू द्या,” ती हळूच म्हणाली, “सांजले येई तुमनाकडे.”

आबा वळले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तोंडभर हसू होतं. त्यांनी फाटकाची कडी काढली, ते सताड उघडलं आणि खांबावरून अख्ख्या गावाला हाक द्यायच्या त्या जुन्या आवाजात ओरडले:

“रुपचंद! मनी नात उनी नही मनाकडे! मना हात झटकी टाका तिनी! सख्खा आज्जाना हात!”

रुपचंदला वाईट वाटावं की हसावं कळेना. समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. आबा त्यांनाही सांगू लागले. पोर कशी ओरडली, मान कशी आवळून धरली. नातू बोर्डात आला असता तरी आबा यापेक्षा ताठ चालले नसते.

ठगूअक्का मागोमाग फाटकापर्यंत आली. “येडा व्हयना का रे निंबा? लोकेसले काय सांगी राह्यना? ती अजून तिले मावशीच म्हनस!”

“म्हनू दे,” आबा म्हणाले. “दुसरी मावशी आता चालत नही तिले.”